कृत्रिम कपड्यांतून गळणारे सूक्ष्म तंतू : भार धुणाऱ्याने सोसायचा की कापड बनवणाऱ्याने?

सदाफुली (पुणे)

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. प्रक्रिया केलेले पाणी शौचालयांसाठी आणि बागेसाठी वापरले जाते, आणि तळाशी बसणारा गाळ वाळवून झाडांना खत म्हणून घातला जातो. केंद्राची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांनी अलीकडे पंपाच्या जाळीत अडकलेला एक राखाडी लगदा समितीपुढे आणून ठेवला. आधी तो केसांचा गुंता वाटला. पण वाळल्यावर सुईने उकलून पाहिला तेव्हा त्यातून निळे, काळे, राणी रंगाचे असंख्य बारीक तंतू निघाले. त्यांतले काही मेणबत्तीवर धरले, तर त्यांची राख न होता काळा कडक मणी तयार झाला. म्हणजे ते सुती नव्हते, पॉलिएस्टर किंवा तत्सम काही होते.

तेव्हापासून समितीत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की प्रत्येक सदनिकाधारकाने वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या नळीला गाळणी बसवून घ्यावी आणि तसा ठराव सर्वसाधारण सभेत करावा. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की कपडे विकून नफा कमावणारे नामानिराळे राहतात आणि धुणी धुणाऱ्या घरांवर खर्च लादला जातो, हा कोणता न्याय? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, परंतु केवळ कल पुरेसा नाही. अशा गाळण्यांचा खरोखर किती उपयोग होतो, तंतू गळण्याचे प्रमाण कशावर ठरते आणि कपड्यांच्या कंपन्यांना याबाबत कुठे जबाबदार धरले गेले आहे का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय ‘बाटल्यांपासून बनवलेला’ अशी चिठ्ठी असलेले टी-शर्ट हल्ली पर्यावरणपूरक म्हणून विकले जातात. ते या दृष्टीने बरे की वाईट?

ताणाबाणा (इचलकरंजी)

सदाफुली ताई, मी वस्त्रोद्योगातील अभियंता आहे आणि कापडाची रंगाई व फिनिशिंग जिथे होते त्या प्रोसेस विभागात माझी बरीच नोकरी झाली आहे. आपल्या समितीतील दोन्ही तट एक गोष्ट गृहीत धरून चालले आहेत की तंतू धुण्यामुळे सुटतात. धुताना ते बाहेर पडतात हे खरे आहे. परंतु त्यांतले बरेचसे तंतू कापड दुकानात येण्याच्या आधीच सुटे झालेले असतात, आणि धुण्याचे पाणी त्यांना फक्त वाट करून देते. नव्या कपड्याच्या पहिल्या काही धुण्यांत गळती सर्वांत जास्त असते आणि नंतर ती उतरते, त्याचे हेच मोठे कारण आहे. स्वित्झर्लंडमधील एम्पा या संशोधन संस्थेने पॉलिएस्टर कापडांवर केलेल्या प्रयोगांतूनही हेच पुढे आले की उत्पादनाच्या पायऱ्यांवर, विशेषतः कापड कसे कापले आणि त्याचा पृष्ठभाग कसा हाताळला यावर, गळतीचे प्रमाण मोठ्या अंशाने ठरते.

पॉलिएस्टर आमच्याकडे दोन रूपांत येते. एक फिलामेंट, म्हणजे सलग अखंड धागा. सुरतेच्या साड्या आणि अस्तराचे कापड त्याचे असते. दुसरे स्टेपल, म्हणजे तोच अखंड तंतू कापसाच्या लांबीशी जुळवून साधारण ३८ मिलिमीटरचे तुकडे करून, ते पिंजून आणि पीळ देऊन काढलेले सूत. गणवेशाच्या कापडात आणि बहुतेक मिश्र शर्टिंगमध्ये हे सूत असते. तुकडे म्हटले की टोके आली, आणि टोके म्हटली की ती सुतातून बाहेर डोकावणार. पीळ कमी दिला तर कापड मऊ लागते, उत्पादनही जास्त निघते, पण टोके सैल राहतात. अंगावर घासून घासून याच टोकांचे गोळे बनतात. सुती कपड्यावरचे गोळे लवकर झडतात, कारण कापसाचा तंतू तुलनेने कमजोर असतो. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्याने गोळा लोंबत राहतो आणि तुटतो तेव्हा तुकड्यातुकड्याने तुटतो.

यावर कळस म्हणजे फ्लीस. थंडीत घालायची जी लोकरीसारखी मऊ जॅकेटे मिळतात, त्यांचे कापड आधी अखंड धाग्याचेच विणलेले असते. नंतर ते तारांचे दात असलेल्या रुळांवरून फिरवतात आणि त्या दातांनी धागे मुद्दाम तोडून पृष्ठभागावर लव काढतात. ग्राहक ज्या मऊपणाचे पैसे मोजतो, तो मऊपणा म्हणजेच तुटलेले तंतू. अशा कापडातून तंतू गळू नयेत अशी अपेक्षा धुणाऱ्याकडून करणे मला हास्यास्पद वाटते. पॅटागोनिया या अमेरिकी कंपनीच्या मदतीने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०१६ मध्ये असा प्रयोग केला होता. त्यात एका धुण्यात एका जॅकेटमधून सरासरी १.७ ग्रॅम तंतू निघाले, आणि वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये ही गळती समोरून कपडे टाकायच्या मशीनच्या सुमारे सातपट होती. त्याच वर्षी इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठात नॅपर आणि थॉम्पसन यांनी काढलेला अंदाज असा की सहा किलोंच्या एका धुण्यात अॅक्रिलिकच्या कपड्यांतून सात लाखांहून अधिक, पॉलिएस्टरमधून सुमारे पाच लाख, तर पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडातून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटू शकतात. धुणे तेच, पावडर तीच, मशीन तेच; फरक पडला तो कापडाने.

गिरणीत करता येण्याजोगे उपाय गुपित नाहीत. सुताला पुरेसा पीळ द्यावा, वीण घट्ट ठेवावी, लव काढण्याचा सोस कमी करावा, कडा कात्रीने न कापता लेसरने किंवा अल्ट्रासॉनिक पद्धतीने कापून जागीच वितळवून बंद कराव्यात, आणि तयार कापड कारखान्यातच एकदा धुऊन त्या पाण्यातले तंतू तिथेच गाळून घ्यावेत. पहिल्या धुण्यांची ती मोठी गळती लाखो घरांच्या मोऱ्यांत विखुरण्याऐवजी एका जागी पकडणे कितीतरी सोपे आहे. अर्थात कारखान्यातल्या पाण्याचे आज काय होते हा निराळा आणि कटू विषय आहे. द नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या २०२१ मधील अहवालात असा अंदाज दिला आहे की जगभरात कपडा ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच, म्हणजे उत्पादनाच्या टप्प्यात, वर्षाला सुमारे १ लाख २० हजार टन कृत्रिम सूक्ष्म तंतू बाहेर पडतात. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

मग हे उपाय होत का नाहीत? कारण त्यांचे पैसे कोणी देत नाही. ब्रँडचा खरेदी अधिकारी मीटरमागे पैशांत घासाघीस करतो. त्याच्या तपशीलपत्रात कापडाचे वजन असते, आटण्याची टक्केवारी असते, रंगाचा पक्केपणा असतो, गोळे येण्याची श्रेणी असते. तंतू किती गळावेत याचा रकाना मी हाताळलेल्या एकाही ऑर्डरमध्ये नव्हता. मोजायची पद्धतच नाही, ही सबब पूर्वी चालत असे. आता अमेरिकेतील एएटीसीसी या वस्त्र-चाचण्या ठरवणाऱ्या संघटनेची टीएम २१२ ही चाचणी २०२१ पासून आणि आयएसओ ४४८४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे तीही सबब उरलेली नाही.

बाटल्यांच्या टी-शर्टबद्दल थोडक्यात सांगतो. पुनर्वापरित पॉलिएस्टर हे शेवटी पॉलिएस्टरच आहे, गळण्याच्या बाबतीत त्याला काही सवलत नाही. वितळवून पुन्हा काढलेला तंतू काहीसा कमजोर असू शकतो, आणि तुर्कस्तानातील संशोधकांच्या एका तुलनेत त्याच्या विणीतून नव्या पॉलिएस्टरपेक्षा दुपटीहून अधिक तंतू सुटल्याचे दिसले. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. टी-शर्टचा पुन्हा टी-शर्ट आज क्वचितच होतो.

खाडीकाठ (पणजी)

ताणाबाणा यांच्या विवेचनाला एक जोड देते आणि एक सावधगिरीही सुचवते.

जोड अशी की गळती फक्त धुण्यातून होत नाही. इटलीतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की पॉलिएस्टरचे कपडे नुसते अंगावर वापरतानाही हवेत तंतू सुटतात, आणि त्यांचे प्रमाण धुण्यातून सुटणाऱ्या तंतूंच्या तोडीचे असू शकते. हे तंतू कोणत्याही नळीला बसवलेल्या गाळणीत सापडणार नाहीत. म्हणून मुळाशी, म्हणजे कापडातच, सुधारणा व्हायला हवी हा मुद्दा अधिकच बळकट होतो.

सावधगिरी अशी की समुद्रातील प्रत्येक तंतू प्लास्टिकचा असतो असे समजू नये. सहा महासागरी खोऱ्यांतून घेतलेल्या ९१६ नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पृष्ठभागावरील पाण्यातले जेमतेम ८ टक्के तंतू कृत्रिम निघाले. बाकीचे मुख्यतः कापूस, व्हिस्कोस यांसारखे सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतिजन्य, आणि काही लोकरीसारखे प्राणिज होते. यावरून पॉलिएस्टर निर्दोष ठरत नाही, कारण ते जड असल्याने पाण्यात खाली बसते आणि खोल समुद्रतळाच्या गाळातही असे तंतू सापडलेले आहेत. परंतु ‘सुती घ्या, प्रश्न मिटला’ हे उत्तर तितके सरळ नाही, एवढे मात्र त्यावरून कळते. रंग आणि रासायनिक फिनिश दिलेला सुती तंतूसुद्धा आपण समजतो तितक्या लवकर कुजत नाही.

आता गाळण्यांविषयी. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात पॅरी साउंड या छोट्या गावात ९७ घरांतील मशीनांना गाळण्या बसवून पाहिल्या गेल्या. गावाच्या सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातले सूक्ष्म तंतू त्यामुळे सुमारे ४१ टक्क्यांनी घटले, आणि ती घरे गावातील एकूण घरांच्या केवळ दहा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे गाळणी निरुपयोगी नाही. मात्र तिच्यात साचलेला थर लोक नळाखाली धुऊन मोरीत सोडतात, आणि मग सगळा खटाटोप वाया जातो. आपल्याकडच्या मशीनमध्ये लिंटसाठी, म्हणजे सुट्या तंतूंसाठी, जी जाळीची पिशवी असते तिचेही नेमके हेच होते. ती वाळू द्यावी, थर हाताने सोलून काढावा आणि सुक्या कचऱ्यात टाकावा. तिची भोके मोठी असतात, पण लांब तंतू आणि गुंते तरी अडकतात.

बागेत घालायच्या गाळाचा मात्र समितीने वेगळा विचार करावा. सांडपाणी केंद्र तंतू नष्ट करत नाही, ते त्यांना पाण्यातून काढून गाळात ठेवते. ग्लासगोजवळच्या एका मोठ्या केंद्राच्या अभ्यासात पाण्यातले ९८ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म प्लास्टिक अडत होते, तरी उरलेल्या भागातून रोज सुमारे साडेसहा कोटी कण नदीत जात होते; आणि जे अडले ते गाळात गेले. तुमचे केंद्र जितके चांगले चालेल, तितके तुमच्या खतात तंतू अधिक.

चौकस (नागपूर)

सगळे वाचले. दोन शंका आहेत आणि त्या जरा तिखट आहेत, राग मानू नये.

पहिली, पॉलिएस्टर हा गरिबाचा कपडा आहे. तो लवकर वाळतो, इस्त्री मागत नाही, विटत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. माझ्या आईच्या पिढीने नायलॉनच्या साड्यांचे स्वागत केले ते फॅशन म्हणून नव्हे, तर पावसाळ्यात त्या एका रात्रीत वाळत म्हणून. कापड महाग करणारे नियम आणले की त्याचा फटका फ्लीसचे जॅकेट घालणाऱ्याला बसणार नाही, आठवडी बाजारात घेणाऱ्याला बसेल. दुसरी, आपल्या देशात अजूनही असंख्य घरांत कपडे हाताने धुतले जातात. परदेशातल्या मशीनांवरचे आकडे इथे कितपत लागू होतात?

ल्यॉनकर (फ्रान्स)

कंपन्यांना कुठे जबाबदार धरले आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी राहतो त्या देशापुरते देतो, कारण इथे प्रयत्न बरेच झाले आणि त्यांची मर्यादाही दिसली.

फ्रान्सने २०२० मध्ये कचरा आणि चक्रीय अर्थव्यवस्थेविषयी एक कायदा केला. १ जानेवारी २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या वॉशिंग मशीनमध्ये सूक्ष्म तंतूंची गाळणी असावी, अशी तरतूद त्यात होती. तरतूद गाजली खूप, पण अंमलबजावणी रेंगाळली. कॅलिफोर्नियातही असेच विधेयक विधिमंडळाने संमत केले होते आणि २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नकाराधिकार वापरून रोखले. या दोन्ही ठिकाणी बोजा पडणार होता तो मशीन बनवणाऱ्यांवर, कपडे बनवणाऱ्यांवर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे.

कपड्यांच्या कंपन्यांना थेट भिडणारी तरतूद दुसरी आहे. २०२२ च्या एका आदेशानुसार, ज्या कपड्यात कृत्रिम तंतूंचे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक आहे, त्याच्या माहितीपत्रकात ‘हा कपडा धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू पर्यावरणात सोडतो’ अशा अर्थाचे वाक्य छापणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक झाले, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते लागू होऊ लागले. वाक्य संकेतस्थळावर खाली कोपऱ्यात असते, फार कोणी वाचत नाही. शिवाय चांगल्या विणीचा पॉलिएस्टर आणि भुसभुशीत फ्लीस या दोघांनाही तेच वाक्य लागते, त्यामुळे चांगले कापड बनवणाऱ्या गिरणीला त्यातून काही फायदा होत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, तेही उत्पादनात मुद्दाम मिसळलेल्या कणांपुरते आहेत, उदाहरणार्थ सुटी चमकी. कपड्यातून झिजून गळणारे तंतू त्या व्याख्येत बसत नाहीत.

ताणाबाणा (इचलकरंजी)

चौकस साहेब, शंका रास्त आहेत, रागाचा प्रश्नच नाही.

हातधुण्याबद्दल आधी. चीनमधील संशोधकांनी २०२३ मध्ये हीच तुलना केली. पूर्ण पॉलिएस्टरच्या कापडातून हाताने धुताना सरासरी १,८५३, तर मशीनमध्ये धुताना २३,७२३ तंतू सुटले. मात्र आधी भिजत घातले, पावडर वापरली किंवा धुण्याच्या फळीवर घासले, तर हाताच्या धुण्यातही गळती वाढली. आपल्याकडे ब्रशने घासणे आणि दगडावर आपटणे हे तर नेहमीचेच, त्यामुळे अगदी निश्चिंत होऊ नये. तरीही हाताने धुणाऱ्या घराचा या प्रदूषणातला वाटा लहान आहे असे म्हणायला हरकत नाही.

गरिबाच्या कपड्याविषयी आपण म्हणता ते मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी पॉलिएस्टरवर बंदीच्या बाजूने नाही. वर्षानुवर्षे टिकणारी नायलॉनची साडी हा या प्रश्नातला सर्वांत छोटा गुन्हेगार आहे; ती अखंड धाग्याची असते आणि जुनी झाल्यावर तिची गोधडी होते. अडचण आहे ती चार वेळा घालून टाकून द्यायच्या कपड्यांची, कारण असा प्रत्येक नवा कपडा आपली पहिली मोठी गळती घेऊन येतो. टेक्स्टाइल एक्स्चेंज या वस्त्रक्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२ कोटी ४० लाख टन तंतूंचे उत्पादन झाले आणि त्यात एकट्या पॉलिएस्टरचा वाटा ५७ टक्के होता. एवढे कापड गरिबांच्या अंगावर नक्कीच नाही.

आणि ही वाढ आपोआप होत नाही, तिला सरकारी पाठबळ आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये वस्त्रोद्योगासाठी १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली, ती मानवनिर्मित तंतूंचे कापड व कपडे आणि तांत्रिक वस्त्रे यांच्यासाठीच. सप्टेंबर २०२५ मध्ये मानवनिर्मित तंतूंवरील जीएसटी १८ वरून आणि त्यांच्या सुतावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. यंत्रमागधारकांची ही जुनी मागणी होती आणि ती रास्तही होती, कारण कच्च्या मालावर जास्त आणि कापडावर कमी असा उलटा कर कुठल्याही धंद्याला मारक असतो. माझे म्हणणे एवढेच की इतक्या मोठ्या सवलती देताना त्यांना एखादी अट जोडता आली असती: प्रोत्साहन हवे असेल तर गळतीची चाचणी करा आणि कारखान्याच्या सांडपाण्याला तंतूंची गाळणी बसवा. प्लास्टिकच्या वेष्टनांबाबत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे वापरून झालेल्या मालाच्या कचऱ्याची सोय उत्पादकानेच पाहायची हा नियम, आपल्याकडे २०२२ पासून तपशीलवार लागू आहे. चिप्सच्या पाकिटाचा हिशेब द्यावा लागतो, पण त्याच पेट्रोरसायनांतून आलेल्या शर्टाचा द्यावा लागत नाही.

या सगळ्यात कामगार राहूनच जातो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे नायलॉनचे बारीक तंतू कापून कापडावर चिकटवणाऱ्या कारखान्यातील कामगारांना फुप्फुसांचा विकार जडला, आणि वैद्यकशास्त्राने त्याला त्या कामाचेच नाव दिले. पाण्यातल्या तंतूंचा माणसावर होणारा परिणाम अजून अभ्यासला जात आहे. दाट धुळीत रोज आठ-दहा तास काढणाऱ्यांवरचा परिणाम मात्र तेव्हाच नोंदला गेला आहे.

सदाफुली (पुणे)

सर्वांचे आभार. हे सर्व समितीसमोर वाचून दाखवले. गाळणीची सक्ती करायची नाही, ज्यांना हवी त्यांनी बसवावी असे ठरले. लिंटची पिशवी मोरीत न धुण्याची सूचना मराठीत आणि हिंदीत फलकावर लावली, कारण बहुतेक घरांत हे काम मदतनीस करतात. गाळ भाजीच्या वाफ्यांना न घालता फक्त शोभेच्या झाडांपुरता वापरायचा, यावर अजून चर्चा सुरू आहे. एक शेवटचा प्रश्न: सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांचे गणवेश संस्था एकगठ्ठा विकत घेते. तिथे आम्ही पुरवठादाराला काही अट घालू शकतो का?

ताणाबाणा (इचलकरंजी)

जरूर घालू शकता, आणि ग्राहकाच्या हातात खरी ताकद आहे ती इथेच, कारण एकगठ्ठा खरेदीदार तपशीलपत्र लिहितो आणि किरकोळ ग्राहक फक्त किंमत वाचतो. गणवेशासाठी मागावर विणलेले पॉलिएस्टर-सुती मिश्र कापड मागा, होजिअरीचे नको. आपल्या उन्हात ते कर्मचाऱ्यांच्या अंगालाही सुखाचे असते. गोळे येण्याची श्रेणी पाचपैकी किमान ४ असावी असे लिहा. ही चाचणी प्रत्येक बऱ्या प्रयोगशाळेत होते आणि ज्या कापडावर गोळे कमी येतात त्यातून सहसा गळतीही कमी होते. कापड एकदा धुऊन घेतलेले असावे आणि कडा ओव्हरलॉक केलेल्या असाव्यात, हेही घाला. आयएसओ ४४८४-१ चा अहवाल तुमच्यासारख्या छोट्या मागणीला कोणी देणार नाही, तरी पत्रात तो मागा. तुमच्या भागातील चार-पाच शाळांनी आणि एखाद्या रुग्णालयानेही तो मागितला, तर पुरवठादार गिरणीकडे विचारणा करील, आणि गिरणीला तो रकाना पहिल्यांदाच भरावा लागेल. मसुदा हवा असल्यास इथेच सांगा. आटणे आणि रंगाचा पक्केपणा यांचे आकडे घालून मी तो या धाग्यावर देतो.